लाईट बिल, गच्चीवरचं सोलर आणि न दिसणारा पॉवर प्लांट : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात गच्चीवरच्या सोलरबद्दल लिहिताना व्हर्च्युअल पॉवर प्लांट आणि डिमांड रिस्पॉन्स हे दोन शब्द ओझरते आले होते, त्यावर एवढे प्रश्न आले की यावेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. बहुतेक प्रश्न बडोद्यातलेच आहेत आणि त्यात नवल नाही, कारण जीईबीचं, म्हणजे गुजरात इलेक्ट्रिसिटी बोर्डाचं, मुख्य ऑफिस इथेच होतं, २००५ मधे बोर्डाच्या सात कंपन्या झाल्या तरी रेसकोर्सवरचं विद्युत भवन इथेच राहिलं, आणि आपल्या कितीतरी मराठी घरांत कोणीतरी बोर्डात नाहीतर ट्रान्सफॉर्मर-स्विचगिअरच्या कारखान्यात नोकरी केलेलं निघतंच. मी पण बोर्डातलाच. सारखे असलेले प्रश्न एकत्र केलेत.

दांडिया बाजारातून एक काकू विचारतात : हा व्हर्च्युअल पॉवर प्लांट असतो तरी कुठे? आमचे हे म्हणतात तो कॉम्प्युटरमधे असतो, मग वीज पण खोटीच का?

काकू, वीज अगदी खरी असते, एका जागी तयार होत नाही एवढंच. वणाकबोरीला गेलात तर उंच चिमण्या दिसतात, कोळशाच्या गाड्या दिसतात, तिथलं सगळ्यात नवं युनिट ८०० मेगावॅटचं आहे. आता समजा संध्याकाळी साडेसातला गुजरातमधे १०० मेगावॅट कमी पडतायत. एक रस्ता म्हणजे कुठलंतरी युनिट जोरात चालवा. दुसरा रस्ता असा की एक लाख घरांनी प्रत्येकी एक किलोवॅट कमी वापरायचा, किंवा ज्यांच्याकडे बॅटरी आहे त्यांनी तेवढी वीज बाहेर सोडायची, कारण लाख घरांचा एकेक किलोवॅट म्हणजे बरोबर १०० मेगावॅटच होतात. ही घरं, दुकानं, कारखाने, बॅटऱ्या, गाड्यांचे चार्जर हे सगळं एका सॉफ्टवेअरने जोडायचं आणि गरज पडली की एकाच वेळी कमी-जास्त करायचं, हा झाला व्हर्च्युअल पॉवर प्लांट. त्यातला नुसता वापर कमी करण्याचा किंवा पुढे ढकलण्याचा जो भाग आहे, पैसे किंवा सवलत घेऊन, त्याला डिमांड रिस्पॉन्स म्हणतात. आपल्या भिशीसारखंच आहे, एकटीच्या पाचशे रुपयात काही येत नाही, सगळ्यांचे जमले की मोठं काम होतं, आणि भिशी चालवणारी बाई विश्वासाची लागते तसा इथेही मधला माणूस विश्वासाचा लागतो, त्याच्याकडे मी पुढे येतोच.

आता ग्रिडला, म्हणजे देशभर जोडलेल्या विजेच्या जाळ्याला, हे दोन्ही सारखंच का, तर आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे अशी पूर्ण फेरी मारते, म्हणजे ५० हर्ट्झ. वापर जास्त आणि निर्मिती कमी झाली की देशभरातले जनरेटर किंचित मंदावतात आणि हा आकडा खाली येतो, उलट झालं की वर जातो. ४९.९० ते ५०.०५ च्या मधे तो ठेवायचा असा नियम आहे. गोत्री रोडला आपल्या राज्याचं लोड डिस्पॅच सेंटर आहे, तिथे चोवीस तास माणसं याच आकड्याकडे बघत बसलेली असतात, आणि तो आकडा ४९.८ कडे सरकायला लागला की फोन सुरू होतात, अमक्या युनिटला वाढवा, तमक्या राज्याने जास्त ओढलंय त्याला सांगा. आकडा सावरायला तुम्ही निर्मिती वाढवा नाहीतर वापर कमी करा, त्याला दोन्ही चालतं. जुलै २०१२ च्या ३० आणि ३१ तारखेला हे सावरता आलं नाही तेव्हा उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातली साठेक कोटी माणसं अंधारात गेली होती, आपली पश्चिम ग्रिड तेवढी वाचली.

मांजलपूरहून एक वाचक : आपण चार लोकांनी गीझर बंद केला काय आणि नाही केला काय, एवढ्या मोठ्या देशात कोणाला कळणार आहे?

चार लोकांचं कळत नाही हे खरंय. पण सगळ्यांनी एकदम केलं तर काय होतं ते तुम्ही स्वतः केलेलं आहे. ५ एप्रिल २०२०, लॉकडाऊन, रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद करायचे होते आठवतं? दिवे लावले, थाळ्या वाजल्या (त्या आधीच्या महिन्यात), ते सगळ्यांना आठवतं, पण त्या रात्री कंट्रोल रूममधे काय चाललं होतं हे फार कमी लोकांना माहितीये. अंदाज होता की देशभरात १२ ते १४ हजार मेगावॅट वापर कमी होईल. प्रत्यक्षात झाला जवळजवळ ३१ हजार. सुमारे एक लाख सतरा हजारांवरून पंचवीसेक मिनिटांत घसरला आणि नऊ मिनिटं झाल्यावर परत तेवढ्याच घाईने वर चढला. पंखे-फ्रिज चालू ठेवा असं सांगितलेलं असताना सुद्धा. त्यावेळी धरणांवरच्या वीजघरांनी ग्रिड सांभाळली, कारण पाण्याचं टर्बाईन मिनिटांत कमी-जास्त होतं आणि कोळशाचं होत नाही, आणि आधीपासून तयारी होती म्हणून हर्ट्झचा आकडा ४९.७ आणि ५०.२६ च्या मधेच राहिला.

मला त्या रात्रीतून दोन गोष्टी दिसतात. एक, घरातली बटणं ही खरोखर पॉवर प्लांटच्या ताकदीची गोष्ट आहे, तिला कमी लेखू नका. दुसरी, ही ताकद बेभरवशाची असेल तर तिचा त्रासच होतो. किती कमी होणार, कधी होणार, परत कधी चढणार हे आधी पक्कं माहिती असलं पाहिजे, नाहीतर गोत्रीतल्या माणसाला ती मदत नसून अजून एक संकट आहे. म्हणूनच नुसतं आवाहन करून भागत नाही, करार लागतो, मीटर लागतं, आणि परत चालू करताना सगळ्यांचे एसी एका क्षणी चालू होऊ नयेत म्हणून टप्प्याटप्प्याने सोडायला लागतात.

आवाहनाने पण काम होतं कधीकधी, ६ सप्टेंबर २०२२ ला कॅलिफोर्नियात उन्हाने कहर केला होता, मागणी ५२,०६१ मेगावॅट झाली जी तिथली आजवरची सगळ्यात जास्त, संध्याकाळी पावणेसहाच्या सुमाराला सरकारने सुमारे २ कोटी ७० लाख फोनवर मेसेज पाठवला की कृपा करून आत्ता वीज कमी वापरा, आणि अर्ध्या-पाऊण तासात दोन हजारांहून जास्त मेगावॅट कमी झाले, लोडशेडिंग टळलं. पण रोज असा मेसेज पाठवला तर चौथ्या दिवशी कोणी वाचणार नाही, खरं ना?

वाघोडिया रोडवरून : आमच्या गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलर आहे, ७८ हजार सबसिडी मिळाली. मग आम्ही आधीच पॉवर प्लांट झालो ना? आणि लाईट गेली की ऊन असून सोलर का बंद पडतं?

दुसऱ्याचं आधी सांगतो कारण हे मला देवळात, लग्नात, भाजी घेताना कुठेही विचारतात. लाईट गेली म्हणजे बहुतेक वेळा कुठेतरी वायरमन खांबावर चढणार आहे. त्यावेळी तुमच्या गच्चीवरून तारेत वीज गेली तर त्याचा जीव जाईल. म्हणून ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर लाईन मेलेली दिसली की स्वतःहून बंद होतो, तसा तो व्हायलाच पाहिजे, बिघाड नाही तो. बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर असेल तर तो घराला तारेपासून तोडून घेतो आणि मग घरापुरतं चालू ठेवतो.

आता पहिलं. दुपारी तुम्ही वीज देता हे बरोबर, पण दुपारी आजकाल सगळेच देतात. कच्छात, राजस्थानात मैलोन्‌मैल पॅनल लागलेत, गच्च्यांवर गुजरात देशात पुढे आहेच. दुपारी वीज भरपूर आणि संध्याकाळी सूर्य गेला की सगळ्यांच्या घरी दिवे, टीव्ही, एसी एकदम सुरू, असं झालंय. वीज खरेदी-विक्रीच्या एक्सचेंजवर हे अगदी उघड दिसतं, मे २०२५ मधे एका रविवारी रिअल टाइम मार्केटमधे दिवसाचे भाव शून्याला टेकले होते, आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळी हाच भाव युनिटला १० रुपये म्हणजे कायद्याने ठरवलेल्या कमाल मर्यादेला जाऊन अडतो. तुमच्या दुपारच्या जास्तीच्या युनिटला घरगुती ग्राहक म्हणून २ रुपये २५ पैसे मिळतात यावर बरेच जण चिडतात, मला त्यांचं वाईट वाटतं पण दुपारच्या विजेची बाजारात किंमत तेवढीच उरलीये. तीच वीज तुम्ही बॅटरीत ठेवून साडेसातला दिलीत तर ती वेगळीच वस्तू होते. त्यामुळे नुसतं सोलर म्हणजे अर्धी गोष्ट, ते कधी द्यायचं हे हातात आलं की तुम्ही पॉवर प्लांट झालात.

मोढेरा आठवा, सूर्यमंदिराचं गाव, ऑक्टोबर २०२२ मधे चोवीस तास सौर विजेवर चालणारं गाव म्हणून जाहीर झालं. तिथे घरांवर पॅनल आहेत, बाहेर ६ मेगावॅटचा प्लांट आहे, पण चोवीस तास हे शब्द ज्याच्यामुळे लावता आले ती गोष्ट म्हणजे १५ मेगावॅट-अवरची बॅटरी.

आणि एक गोष्ट सांगतो जी मला फार आवडते. ऑस्ट्रेलियात साऊथ ऑस्ट्रेलिया राज्यात घराघरांत टेस्लाच्या बॅटऱ्या बसवून असा व्हर्च्युअल प्लांट सुरू केला. ९ ऑक्टोबर २०१९ ला क्वीन्सलँडमधलं कोगन क्रीक नावाचं कोळशाचं युनिट ७४८ मेगावॅट देत असताना अचानक ट्रिप झालं, तिथला आकडा ४९.६१ हर्ट्झवर आला. हे युनिट अ‍ॅडलेडपासून हजार मैलांच्या आसपास लांब. त्या काही शे घरांतल्या बॅटऱ्यांना कोणी फोन केला नाही, त्यांनी स्वतःच तारेतला आकडा पडलेला ओळखला आणि काही सेकंदांत चार्जिंग सोडून उलट वीज बाहेर द्यायला लागल्या. घरात बसलेल्या माणसांना पत्ता पण नव्हता. ज्या माणसाने कंट्रोल रूममधे फोनवर ओरडून युनिटं वर-खाली करवलीत त्याला याचं काय वाटत असेल विचार करा.

मकरपुरा जीआयडीसीतून एक कारखानदार : आम्हाला तर टाइम ऑफ यूझ (वेळेप्रमाणे वेगळा दर) कधीपासून लागतो, पीकमधे (जास्त मागणीच्या तासांत) जास्त भरतोच. मग यात नवीन काय?

दादा, तुमचं म्हणणं बरोबर आहे, एचटी म्हणजे हाय टेन्शनच्या मोठ्या ग्राहकांना गुजरातमधे सकाळी ७ ते ११ आणि संध्याकाळी ६ ते १० चा जादा आकार वर्षानुवर्षे माहितीये, रात्रीची सवलत पण माहितीये, आणि तुमच्यासारखे किती तरी जण हीट ट्रीटमेंटची भट्टी त्यामुळेच रात्री लावतात. फरक एवढाच की टाइम ऑफ यूझ हे वेळापत्रक आहे, रोज तेच, ग्रिडला गरज असो नसो. डिमांड रिस्पॉन्स म्हणजे "आज ६:४५ ते ७:४५ तुमचे ३०० किलोवॅट सोडा, त्याचे इतके पैसे" असा त्या दिवसाचा सौदा. वेळापत्रक पाळलं नाही तर बिल वाढतं, सौदा पाळला तर पैसे हातात येतात.

तुमच्याकडे सोडण्यासारखं काय आहे ते एकदा बसून बघा. भट्टीत माल असेल तर ती मधेच थांबवता येत नाही, ती यात धरू नका. कॉम्प्रेसर, चिलर, कूलिंग टॉवरचे पंप, बॅटरीवरच्या फोर्कलिफ्टचं चार्जिंग, कोल्ड स्टोरेज असेल तर तेही, हे पाऊण-एक तास थांबलं तर मालाला काही होत नाही. अमेरिकेत असं कारखान्यांकडून घेणं फार जुनं आहे आणि त्यावरून सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण गेलं, न वापरलेल्या विजेला बाजारात निर्मितीसारखाच भाव द्यायचा का यावर, जानेवारी २०१६ मधे कोर्टाने हो, देता येतो असं म्हटलं. जर्मनीत कोलोनची नेक्स्ट क्राफ्टवेर्के नावाची कंपनी २००९ पासून बायोगॅसची छोटी युनिटं, सोलर, कारखाने असे हजारो तुकडे जोडून बाजारात विकते, एवढी वाढली की २०२१ मधे शेलने विकत घेतली.

फतेहगंजहून, विद्यापीठात शिकणारा एक विद्यार्थी : जे वापरलंच नाही ते मोजतात कसं?

शाब्बास, या सगळ्यातला हाच खरा अवघड प्रश्न आहे आणि पैशाची सगळी भांडणं इथेच होतात.

मीटर वापरलेली वीज मोजतं. न वापरलेली मोजायची तर आधी ठरवावं लागतं की तू नाहीतर किती वापरली असतीस. त्याला बेसलाईन म्हणतात. साधारण पद्धत अशी की त्याच वेळेचा मागच्या दहा कामाच्या दिवसांचा सरासरी वापर काढायचा. समजा तुमच्या घरात सात ते आठ या तासात सरासरी २ युनिट जातात, आणि ज्या दिवशी बोलावणं आलं त्या दिवशी ०.८ गेले, तर १.२ युनिट तुम्ही दिले असं धरायचं आणि त्याचे पैसे. आता यात किती फटी आहेत बघ. ते दहा दिवस थंडीचे होते आणि बोलावणं आलं त्या दिवशी पारा ४३ ला, तर तू एसी कमी करून सुद्धा सरासरीच्या वरच राहशील, म्हणजे कष्ट केले आणि पैसे शून्य. म्हणून त्या दिवशीचा आधीच्या काही तासांचा वापर बघून बेसलाईन वर-खाली करतात. उलट, एखादं कुटुंब त्या दिवशी सहज गावाला गेलं तर काही न करता पैसे मिळतील. आणि मुद्दाम करणारे पण निघतात, अमेरिकेत मेन राज्यात एका कागद मिलने बेसलाईन ठरायच्या दिवसांत स्वतःचा जनरेटर कमी चालवला आणि ग्रिडमधून जास्त वीज ओढली, म्हणजे नंतर नुसता जनरेटर नेहमीसारखा चालवला तरी केवढी बचत केली असं दिसणार. २०१३ मधे त्या मिलला एक कोटी डॉलरचा दंड झाला.

ब्रिटनने हे घरांसाठी मोठ्या प्रमाणात करून बघितलं. नोव्हेंबर २०२२ मधे डिमांड फ्लेक्सिबिलिटी सर्व्हिस सुरू केली, २३ जानेवारी २०२३ ला पहिल्यांदा टेस्ट नसून खरोखरच्या गरजेला वापरली, त्या हिवाळ्यात १६ लाख घरं आणि व्यवसाय त्यात होते आणि ३,३०० मेगावॅट-अवरहून जास्त वीज वाचली. लोकांनी ओव्हन उशिरा लावले, कपडे नंतर धुतले, एवढंच. मला त्यात आवडलेली गोष्ट ही की प्रत्येकाला आधी नोटीस आणि प्रत्येक वेळी हो-नाही म्हणायची मोकळीक.

आणि बेसलाईन कशी काढली हे ग्राहकाला त्याच्या बिलावर, त्याच्या भाषेत दिसलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. दहा दिवसांचे दहा आकडे आणि आजचा एक, अकरा आकडे छापायला काही जात नाही. ते दाखवणार नसतील तर अशा स्कीममधे जाऊ नका.

अकोट्याहून एक ताई : आमच्याकडे स्मार्ट मीटरवरून केवढा गोंधळ झाला, आता हे लोकं आमचा एसी पण बाहेरून बंद करणार का? घरात ऐंशी वर्षांच्या सासूबाई आहेत.

ताई, तुमची काळजी अगदी रास्त आहे. मे २०२४ मधे बडोद्यात प्रीपेड स्मार्ट मीटरवरून लोकं रस्त्यावर आली ती उगीच नाही आली, घरातली एक वस्तू बदलली जाते, पैसे आधी भरा म्हणतात, आणि नीट समजावून कोणी सांगत नाही, मग विश्वास कसा बसणार? नंतर जुनं चेक मीटर शेजारी लावून दाखवायची वेळ आली, ते आधीच करायला हवं होतं.

पण मीटर आणि एसीचं बटण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्मार्ट मीटर अर्ध्या तासाचा किंवा पाव तासाचा वापर नोंदवतं, तुमचा एसी, फ्रिज वेगवेगळा ओळखून बंद करणं हे त्याचं काम नाही. एसी बाहेरून कमी करायला त्याला वाय-फाय किंवा वेगळं उपकरण लागतं आणि तुमची संमती लागते. ती संमती मात्र डोळे उघडे ठेवून द्या. जून २०२१ मधे टेक्सासमधे भर उन्हाळ्यात लोकांच्या घरातले स्मार्ट थर्मोस्टॅट (एसीचं तापमान ठरवणारी यंत्रं) बाहेरून वाढवले गेले, लोकं घामाघूम होऊन जागी झाली, तेव्हा कळलं की बक्षिसाच्या सोडतीसाठी जो फॉर्म भरला होता त्यातच परवानगी दिली होती.

म्हणून कोणी तुमच्याकडे अशी स्कीम घेऊन आलं तर विचारा, वर्षातून जास्तीत जास्त किती वेळा आणि एका वेळी किती मिनिटं? त्या क्षणी मला नको असेल तर घरातलं बटण दाबून बाहेर पडता येतं का, आणि पडलं तर दंड आहे का? घरात म्हातारं माणूस, तान्हं बाळ, ऑक्सिजनचं मशीन असेल तर ते उपकरण कायमचं वगळता येतं का? सासूबाईंच्या खोलीतला एसी यात घालायचाच नाही, मी स्वतः घातला नसता. त्याऐवजी गीझर घाला. गीझर दोन किलोवॅटचा असतो, पाणी तापून ठेवलं की पाऊण तास बंद राहिला तरी अंघोळीला काही फरक नाही, आणि कोणाच्या तब्येतीशी खेळ नाही. भारतात हे सुरू करायला सगळ्यात चांगली वस्तू गीझर आणि पाण्याच्या मोटारी आहेत असं मला वाटतं, एसी नंतर.

राहिली माहितीची गोष्ट, पाव तासाच्या नोंदीवरून घर रिकामं आहे का, लोक कधी उठतात हे कळू शकतं, त्यामुळे ही नोंद तुमची खाजगी माहिती आहे असंच समजा, २०२३ मधे डेटा संरक्षणाचा कायदा झालाय, संमती कशासाठी घेतली ते लिहून मागायचा तुम्हाला हक्क आहे.

कारेलीबागेतून : आपल्याकडे हे येणार कधी? की परदेशातल्याच गोष्टी ऐकायच्या?

तुकड्या-तुकड्याने आलंय. केंद्राने जून २०२३ मधे वीज ग्राहक हक्कांच्या नियमांत बदल केला, सौर तासांत दर नेहमीपेक्षा निदान २० टक्के कमी, पीकमधे उद्योग-व्यापाराला निदान २० टक्के आणि इतरांना निदान १० टक्के जास्त, शेती सोडून सगळ्यांना १ एप्रिल २०२५ पर्यंत. प्रत्यक्ष दर प्रत्येक राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. इंदूरला माझे नातेवाईक आहेत, मध्यप्रदेशात स्मार्ट मीटरवाल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर २० टक्के सूट २०२५-२६ च्या दरपत्रकात आली, तिथल्या मावशी आता वॉशिंग मशीन दुपारीच लावतात. महाराष्ट्राच्या आयोगाने २०२४ मधे डिमांड फ्लेक्सिबिलिटीचे वेगळे नियमच काढले. दिल्लीत किलोकरीला २०२५ मधे २० मेगावॅटची बॅटरी वितरण कंपनीच्या सबस्टेशनवर लागली.

आणि आपण गुजरातींनी तर मोठा प्रयोग कधीच केलाय, फक्त त्याला हे नाव नव्हतं. २००३ पासून ज्योतिग्राम योजनेत गावाचा आणि शेतीचा फीडर (सबस्टेशनमधून येणारी लाईन) वेगळा केला, गावाला चोवीस तास आणि विहिरीच्या पंपांना ठरलेले आठ तास. नंतर किसान सूर्योदयमधे ऑक्टोबर २०२० पासून तेच पंप दिवसावर आणायला सुरुवात झाली, म्हणजे शेतकऱ्याला रात्री साप-विंचवात जावं लागत नाही आणि ग्रिडला ऊन असताना वापर मिळतो. लाखो पंपांचा वापर सूर्याच्या वेळेला सरकवणं, याहून मोठी गोष्ट कुठे झालीये? फक्त त्यात शेतकऱ्याला विचारलं जात नाही, बटण सबस्टेशनमधे असतं. घरांच्या बाबतीत तसं करून चालणार नाही, लोकं ऐकणार नाहीत आणि त्यांनी ऐकू पण नये.

मधला माणूस म्हणजे अ‍ॅग्रीगेटर, त्याच्याबद्दल वर म्हटलं होतं. संध्याकाळी बाजारात १० रुपयांनी घ्यावी लागणारी वीज तुमच्यामुळे घ्यावी लागली नाही, तर ते १० रुपये कोणाचे? वितरण कंपनीचे, अ‍ॅग्रीगेटरचे की तुमचे? माझं म्हणणं, अर्ध्याच्या वर घरवाल्याचे असले पाहिजेत, कारण गैरसोय तो सोसतो. बाजाराला हे नवीन नाही, दिवसाचे पाव-पाव तासाचे ९६ भाग करून प्रत्येकाचा वेगळा भाव रोज निघतोच, तेव्हा तुमच्या वाट्याचा हिशोब करणं अवघड आहे असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

सुभानपुऱ्यातून, थोडक्यात : घरातला जुना इन्व्हर्टर आणि ट्यूब्युलर बॅटरी यात चालेल का?

नाही. तो फक्त लाईट गेली की घराला देतो, तारेत परत द्यायची त्याची रचना नाही, आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरी रोज खोलवर रिकामी केली की लवकर मरते. लिथियम आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागेल.

गोरव्याहून एका सोसायटीचे सेक्रेटरी : आम्हाला आत्ता, कुठलीही स्कीम नसताना काय करता येईल?

तुमची पाण्याची मोटार. कॉर्पोरेशनचं पाणी ठरलेल्या वेळेला खालच्या टाकीत येतं, पण ते वरच्या टाकीत कधी चढवायचं हे तुमच्या हातात आहे, आणि बहुतेक सोसायट्यांत वॉचमन संध्याकाळी सात-साडेसातला, अगदी पीकमधे, मोटार लावतो कारण तेव्हा लोकं ओरडतात. पाच हॉर्सपॉवरची मोटार म्हणजे पावणेचार किलोवॅट. वरच्या टाकीत किती लिटर राहतं आणि संध्याकाळ ते सकाळ किती जातं ते आठवडाभर वॉचमनला वहीत लिहायला सांगा, टाकी पुरत असेल तर स्टार्टरच्या आधी साधा डिजिटल टायमर लावून दुपारी बारा ते तीनमधे भरून घ्या, वर फ्लोट स्विच हवाच नाहीतर टाकी वाहेल, खाली पण एक हवा म्हणजे खालची टाकी रिकामी असताना मोटार कोरडी चालणार नाही. कॉमन मीटरला टीओडी, म्हणजे वेळेप्रमाणे बदलणारा दर लागू असेल तर बिलात फरक दिसेल, नसेल तर बिल तेवढंच येईल, पण सोसायटीच्या गच्चीवर सोलर असेल तर स्वतःचीच वीज स्वस्तात विकण्याऐवजी वापरली जाईल. टायमर बसवताना इलेक्ट्रिशियनला कॉन्टॅक्टरमधून जोडायला सांगा, मोटारीचा सगळा करंट टायमरमधून नेला तर तो जळतो.